स्लॅब टाकलेली अक्षरं

सेफ्टी शूज घालून उभी असल्यासारखी दणकट इंग्रजी अक्षरं आपण रोज बघतो. त्यांच्याच शेजारी मराठी नाव येतं आणि एकदम अंग चोरून बसतं. असं का होतं? जालना रोडवरच्या करमाडपासून सुरू होणारी एक अक्षरसफर...

स्लॅब! हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घर उभं राहतं. ज्या दिवशी स्लॅब टाकतात त्या दिवशी मिक्सरचा खडखडाट, मजुरांना गोडाचं जेवण आणि नातेवाइकांना फोन, 'झाला बरं का स्लॅब!' नुसत्या भिंती असतात तोवर ते बांधकाम असतं, वर काँक्रीट पडलं की घर होतं. जाड, सपाट, भरवशाचं.

अक्षरांच्या दुनियेतही एक स्लॅब आहे आणि त्याचा अर्थही जवळपास तोच. 'स्लॅब सेरिफ' हे फॉन्टच्या एका घराण्याचं नाव. प्रेझेंटेशन करताना फॉन्टच्या लांबलचक यादीत रॉकवेल, कुरिअर, रोबोटो स्लॅब ही नावं तुम्ही पाहिली असतील आणि गुपचूप पुन्हा एरियलकडे वळला असाल. हरकत नाही, सगळेच वळतात. पण हे घराणं एकदा नीट समजून घेतलंत ना, तर तुमची स्लाइडच काय, दुकानांच्या पाट्या आणि गावांच्या नावाचे बोर्डही वेगळ्याच नजरेनं बघाल.

आधी पायातलं बघा!

इंग्रजी अक्षरांची ढोबळमानानं तीन घराणी. पहिलं घराणं अनवाणी फिरणारं. एरियल किंवा हेल्वेटिका आठवा. रेघ जिथे संपते तिथे सरळ संपते, टोकाला काहीच नाही. याला म्हणतात सॅन्स सेरिफ. दुसरं घराणं पॉलिश केलेल्या टोकदार लेदर शूजवालं. टाइम्स न्यू रोमनमधला 'आय' बघा, त्याच्या खाली-वर निमुळत्या बारीक पट्ट्या दिसतील. हे सेरिफ. आणि तिसरं घराणं थेट शॉप फ्लोअरवरून आलेलं, पायात सेफ्टी शूज! इथे अक्षराच्या टोकाची आडवी पट्टी उभ्या रेघेच्या जवळपास बरोबरीची जाड असते आणि सपाट कापलेली असते. हीच स्लॅब सेरिफ.

अजून एक खूण. टाइम्समध्ये एकाच अक्षरात काही रेघा जाड, तर काही एकदम नाजूक असतात. स्लॅबमध्ये हा फरक कमी. रेघ वर चढो, खाली उतरो नाही तर वळो, तिची जाडी फारशी बदलत नाही. म्हणून हे अक्षर लांबून, घाईत, धुळीत, कमी उजेडातही वाचता येतं.

तुम्ही ते रोज बघता, फक्त नाव माहीत नसतं. होंडाच्या गाडीवरचं 'होंडा' घ्या, सोनीच्या टीव्हीवरचं 'सोनी' घ्या. पॉल रँडनं १९७२ मध्ये आयबीएमला दिलेला आठ आडव्या पट्ट्यांचा लोगो घ्या. किंवा कॉलेजात कुणाच्या ना कुणाच्या टी-शर्टवर असलेलं, लाल बदामवालं 'आय लव्ह न्यूयॉर्क'. मिल्टन ग्लेझरच्या त्या डिझाइनमधली अक्षरं 'अमेरिकन टाइपरायटर' या गोलसर टोकांच्या स्लॅबमधली आहेत.

जालना रोडचं वळण

छत्रपती संभाजीनगरहून शेंद्रा एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तुम्ही रोज बसत असाल, तर एक दिवस मोबाइल खिशात ठेवा आणि खिडकीबाहेर फक्त अक्षरं बघा. चिकलठाणा मागे पडतं, शेंद्रा येतं, आणि शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर करमाड. पुढे जालना, म्हणजे सळईच्या कारखान्यांचं गाव. अशा रस्त्यावर भिंतींवरून सिमेंट आणि सळई विकणारं अक्षर कसं असणार? जाडजूड, ठोकळेबाज, छाती काढून उभं. सळई विकणाऱ्यानं नाजूक, लपेटेदार अक्षरात नाव लिहिलं, तर त्याच्या मालावर घर बांधायला कोण धजावेल?

पेंटरलोकांना स्लॅब सेरिफ हा शब्द कुणी शिकवलेला नसतो. पण चपटा ब्रश सरळ ओढायचा, टोक सपाट कापायचं आणि रेघेची जाडी शेवटपर्यंत राखायची, ही शिस्त त्यांच्या हातात पक्की बसलेली असते. दुरून वाचलं गेलं पाहिजे आणि मजबूत वाटलं पाहिजे, या दोन अटी घातल्या की जगातला कुठलाही अक्षरकार फिरून फिरून याच ठिकाणी येतो.

रेल्वेचंही तसंच. मनमाडहून नांदेड-काचीगुड्याकडे जाणाऱ्या मार्गावर करमाड हे छोटं स्टेशन आहे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, ही भारतीय रेल्वेची ओळख. चालत्या गाडीतून दोन-तीन सेकंदांत नाव वाचायचं, तर अक्षर जाडच हवं. रेल्वेच्या या हातानं रंगवलेल्या अक्षरांवरून एक अख्खा फॉन्टही तयार झालाय! कॅथरीन ली श्मिट या डिझायनरनं मुंबई लोकलच्या पाट्यांवरून 'यात्रा वन' बनवला. तो स्लॅब नाही, त्यात तिरप्या कापाच्या लेखणीचं वळण आहे. पण पाटीवरचं अक्षर किती जोरकस असू शकतं ते त्यात छान कळतं.

गोंगाटात जन्मलेलं बाळ

आता थोडा फ्लॅशबॅक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन. कारखाने वाढतायत, लॉटऱ्या निघतायत, नाटकांच्या जाहिराती भिंतींवर चिकटतायत. तोवरची छपाईची अक्षरं पुस्तकासाठी बनलेली, म्हणजे आरामखुर्चीत बसून हातभर अंतरावरून वाचायची. भिंतीवर ती दिसेनात. मग १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या व्यावसायिकानं सगळ्या रेघा जाड आणि टोकांना ठोकळे असलेलं अक्षर बाजारात आणलं. त्याचं नाव 'अँटिक'.

लवकरच या अक्षरांना 'इजिप्शियन' असंही म्हणू लागले. इजिप्तच्या लिपीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. नेपोलियननं १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली आणि त्यानंतर युरोपात सगळ्यांना इजिप्तचं वेड लागलं. फर्निचर इजिप्शियन, दागिने इजिप्शियन, मग अक्षर का नको? थोडक्यात काय, तर ब्रँडिंगचा फंडा तेव्हाही हाच होता!

पुढचा टप्पा १८४५ चा. लंडनच्याच रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीनं 'क्लॅरेंडन' काढला. यात ठोकळा आणि उभी रेघ काटकोनात धाडकन न भिडता छोट्या गोलाईनं जोडलेली. त्यामुळे अक्षर दणकट असूनही मवाळ दिसायचं. शब्दकोशात मूळ शब्द उठून दिसावा आणि शेजारचा अर्थ साध्या अक्षरात वाचता यावा, अशा कामाला हा फॉन्ट एकदम फिट. बेस्लीनं डिझाइनची नोंदणी केली होती, पण संरक्षण मिळालं फक्त तीन वर्षांचं. मुदत संपली आणि कॉप्यांचा पाऊस पडला.

तिकडे अमेरिकेत १८२७-२८ च्या सुमारास डॅरियस वेल्स यानं मोठी अक्षरं लाकडात यंत्रानं कोरायला सुरुवात केली. शिसं महाग आणि जड, लाकूड स्वस्त आणि हलकं. हातभर उंचीच्या अक्षरांची पोस्टर सुटली. काउबॉय सिनेमात 'वाँटेड' लिहिलेला जो कागद दिसतो ना, तो याच काळाचा वारसा. विसाव्या शतकात जर्मनीत 'मेम्फिस' (१९२९) आणि इंग्लंडमध्ये 'रॉकवेल' (१९३४) आले. कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखे, एकदम इंजिनिअर छाप. मेम्फिस हे नाव कुठलं? प्राचीन इजिप्तमधल्या शहराचं. वेड काही गेलं नव्हतं!

टाइपरायटरची मजबुरी

स्लॅबचा सगळ्यात ओळखीचा अवतार मात्र जाहिरातीत नाही, कचेरीत भेटतो. टाइपरायटरवर प्रत्येक कळ दाबली की गाडा सारखाच सरकतो. म्हणजे सडपातळ 'आय'ला आणि ऐसपैस 'एम'ला जागा तेवढीच! मग 'आय'च्या दोन्ही बाजूंना भगदाडं पडणार. उपाय काय? 'आय'ला खाली-वर लांब पट्ट्या द्या, त्याची जागा भरून निघेल. शिवाय रिबिनीतून आणि कार्बन पेपरमधून बारीक रेघ उमटत नाही, म्हणून सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या. झाला स्लॅब तयार. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात केलेला 'कुरिअर' हा त्यातला सुपरस्टार. हॉलिवूडमध्ये आजही पटकथा त्यातच लिहितात, कारण त्यात एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा हिशेब बसतो.

आपल्याकडे गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि कचेऱ्यांमधल्या खडखडाटाला देशी आवाज मिळाला. 'मराठी ३०, इंग्रजी ४०' हे आकडे ज्यांच्या घरी कुणी सरकारी नोकरीची तयारी केली असेल, त्यांना पाठ असतील. परीक्षा आता संगणकावर होते, पण तो वेग मोजण्याची पद्धत यंत्राच्या जमान्यातली.

मराठी टाइपरायटरची तर वेगळीच गंमत. कळा मोजक्या आणि अक्षरं ढीगभर. म्हणून ख, ण, थ, ध, भ, श अशी कितीतरी अक्षरं दोन तुकड्यांत होती. आधी अर्धं अक्षर, मग काना ठोकायचा. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं असे काने आयुष्यभर ठोकले. सारख्या जाडीची रेघ, बोथट टोकं, ठरलेल्या जागेत कोंबलेलं अक्षर. नाव कुणी दिलं नाही, पण मराठीला स्लॅबच्या वाटेवर नेणारी पहिली यंत्रं हीच.

आणि तुम्हाला वाटत असेल की हे सगळं जुनं झालं, तर २००७ मध्ये आलेलं पहिलं किंडल आठवा. त्यावर मजकूर दिसायचा 'सिसिलिया' या फॉन्टमध्ये, आणि तोही स्लॅब सेरिफ. त्या पडद्यावर ठिपके कमी होते. टाइम्ससारख्या फॉन्टच्या बारीक रेघा तिथे तुटक दिसल्या असत्या, स्लॅबच्या रेघा टिकल्या. भिंतीवर जो गुण कामाला आला, तोच पडद्यावर.

आपला स्लॅब डोक्यावर!

मग मराठीत स्लॅब सेरिफ कसा करायचा? सोपं आहे, प्रत्येक अक्षराच्या पायाला एक पट्टी जोडली की झालं! असं वाटतं खरं, पण करून बघा. कान्याच्या तळाला आडवी पट्टी लावली, की शेजारच्या कान्याची पट्टी तिला येऊन चिकटते आणि शब्दाखाली दुसरी शिरोरेघ तयार होते. उकार कुठे लावायचा, पाय मोडायचा कुठे, सगळाच घोळ.

कारण साधं आहे. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, तर मराठी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. ज्याला जमिनीवर उभंच राहायचं नाही, त्याला बूट कशाला? आपल्या लिपीत जाड, सपाट, सगळ्यांना धरून ठेवणारी पट्टी आधीपासूनच आहे आणि ती वर आहे. घरासारखीच!

करमाड हाच शब्द घेऊन बघा. चार अक्षरं: क, र, मा, ड. यात उभे खांब फक्त तीन. एक 'क'च्या मधोमध, दुसरा 'म'चा स्वतःचा आणि तिसरा काना. 'र' आणि 'ड' यांना खांबच नाही. 'र' एका तंगडीवर तिरपा, 'ड' शिरोरेघेला लटकलेला. आता हा शब्द जाड करत जा. 'क'च्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या बुजायला लागतात. 'म'ची गाठ गोळा होते. 'म' आणि काना शेजारी-शेजारी असल्यानं तिथे दोन जाड खांबांची गर्दी होते, आणि 'र'च्या खाली मात्र मैदान मोकळं. इंग्रजीतल्या 'करमाड'मध्ये 'के', 'आर', 'एम' तिघांनाही पाय आहेत, त्यामुळे वजन तळाशी आपोआप वाटलं जातं. मराठीत हे वाटप डिझायनरला हातानं करावं लागतं.

त्यात मराठी अक्षर तीन मजली. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर आणि खाली उकार. जाडी वाढवली की तिन्ही मजल्यांवर गर्दी. म्हणून चांगला डिझायनर आडवी शिरोरेघ उभ्या कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवतो, कारण सारख्या जाडीची आडवी रेघ डोळ्यांना जास्त जाड वाटते. पोकळ्या मोठ्या करतो, गाठी सोप्या करतो, टोकं सपाट कापतो. मराठी स्लॅब म्हणजे सारख्या जोराची रेघ, ठाम शिरोरेघ आणि आतून मोकळी हवा. बुटांची गरजच नाही.

अर्थात यात काही हरवतंही. बोरूनं लिहिलेल्या अक्षरात रेघ जाड-बारीक होत वळते, तिला एक लय असते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं १८६९ पासून जी देखणी पुस्तकं छापली, त्या खिळ्यांमध्ये हे बोरूचं वळण होतं. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यावरून आपल्या लोकांनी हा विषय किती मनावर घेतला होता ते कळतं. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी तर नाटकांच्या जाहिरातींमधून दाखवून दिलं की मराठी शीर्षक नाटकाचा स्वभाव सांगू शकतं. स्लॅबनं या लयीशी स्पर्धा करू नये. त्याचं काम वेगळं आहे.

करमाड आणि कर्मा

आता एक मस्त योगायोग. करमाडचं इंग्रजी स्पेलिंग लिहा आणि शेवटचा 'डी' खोडा. उरतं 'कर्मा'. आणि 'कर्मा' नावाचा एक फॉन्ट खरंच आहे, तोही चक्क मराठी-इंग्रजी जोडीचा स्लॅब सेरिफ! पीटर बिलाक आणि सत्या राजपुरोहित यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या इंडियन टाइप फाउंड्रीनं तो २०१४ मध्ये आणला. डिझायनर आहेत पोर्तुगालच्या जोआना कोरैया. नाजूक ते ठळक अशा पाच जाड्या, आणि फुकट! गुगल फॉन्ट्सवर शोधा, उतरवून घ्या, वापरा. ऑफिसच्या कामाला वापरलात तरी कुणी पैसे मागणार नाही.

त्याची खरी खुबी जोडीत आहे. इंग्रजी अक्षरांना स्लॅबचे पाय आहेत, देवनागरीला नाहीत. तरीही दोन्ही एकाच घरातली वाटतात, कारण रेघांचं वजन आणि अक्षरांची उंची एकमेकांकडे बघून ठरवली आहे. पडद्यावरच्या मजकुरासाठी तो खास चांगला.

दुसरं नाव 'कडवा'. नावावर जाऊ नका, दिसायला गोडच आहे. देवनागरी अक्षरं सोल मातास यांची. इंग्रजी अक्षरं अर्जेंटिनाच्या करोलिना जोवान्योली यांच्या 'आंदादा' या फॉन्टमधून आलेली, आणि तो मुळात स्पॅनिश आणि ग्वारानी या दोन भाषा एकत्र छापण्यासाठी केलेला. म्हणजे एका भाषेच्या तोऱ्यापुढे दुसरी भाषा पानावर दबू नये, ही काळजी दक्षिण अमेरिकेतही आहे तर!

मापात पाप

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, यासाठी २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मराठी नाव देवनागरीत हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. पाट्या बदलल्या. मराठी आली. पण कशी आली?

कुठल्याही चकाचक शोरूमकडे बघा. इंग्रजी नाव खास निवडलेल्या फॉन्टमध्ये रुबाबात. शेजारी मराठी नाव कॉम्प्युटरनं जे दिलं त्यात, आडवं ताणलेलं नाही तर उभं दाबलेलं. फूटपट्टी लावली तर उंची बरोबर, कायदा पाळलेला. पण वजन? ते मोजायला कायद्यात फूटपट्टी नाही.

यामागे एक साधी तांत्रिक गोष्ट आहे. रॉकवेल किंवा रोबोटो स्लॅबमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच. तुम्ही ते फॉन्ट निवडून मराठी टाइप केलं, की सॉफ्टवेअर न सांगता दुसराच फॉन्ट घुसवतं. इंग्रजी सेफ्टी शूजमध्ये आणि मराठी कुणाच्या तरी उसन्या चपलांमध्ये! दुसरी गोष्ट, त्या तीन मजल्यांची. मात्रा आणि उकारांना जागा ठेवायची म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये मधला मजला बुटका असतो. १२ पॉइंटचं इंग्रजी आणि १२ पॉइंटचं मराठी शेजारी ठेवा, आकडा सारखा पण दिसायला मराठी लहान. मापात पाप ते हे!

आमच्या शहराला तर याची दुहेरी परीक्षा द्यावी लागली. 'औरंगाबाद' म्हणजे पाच अक्षरं. २०२३ पासून 'छत्रपती संभाजीनगर', मोजा, दहा अक्षरं, बरोबर दुप्पट! इंग्रजीत दहावरून थेट चोवीस. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे स्टेशनचंही नाव बदललं. बोर्डाची रुंदी तेवढीच आणि नाव दुप्पट. अशा वेळी अक्षर दाबून बारीक करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या जाडच राहतात आणि स्लॅबचा जीव असलेला समतोलच जातो. 'छत्रपती' वर आणि 'संभाजीनगर' खाली, अशा दोन ओळी केल्या की अक्षराचा रुबाब शाबूत राहतो.

आणि करमाड. हे चार अक्षरी नाव देशभर पोहोचलं ते एका भयंकर दिवशी. ८ मे २०२० च्या पहाटे, लॉकडाऊनमध्ये जालन्याहून भुसावळच्या दिशेनं पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारी, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी परतणारी माणसं. अशा बातमीला, अशा नावांच्या यादीला कुठलं अक्षर द्यायचं? लपेटे आणि सावल्या तिथे अश्लील वाटतात. तिथे साधं, सारख्या वजनाचं, न थरथरणारं अक्षर लागतं. जाड अक्षर फक्त ओरडण्यासाठी असतं असं नाही. मध्यम जाडीत, भोवती भरपूर कोरी जागा ठेवून लावलं, तर तेच अक्षर मान खाली घालून उभं राहू शकतं.

कुठे चालेल, कुठे नाही?

स्लॅब शीर्षकाला चालतो, पाटीला चालतो, पाकिटावर चालतो. स्टार्टअप काढताय, मसाल्याचा घरगुती ब्रँड सुरू करताय, हायवेवर मिसळीचं हॉटेल टाकताय? 'आम्ही इथे टिकायला आलोय' असं सांगायचं असेल, तर हेच अक्षर. प्रेझेंटेशनमध्ये एकच मोठा आकडा दाखवायचा असेल, तरी तो स्लॅबमध्ये भाव खाऊन जातो.

ठळक स्लॅबमध्ये पानभर मजकूर मात्र नको. अख्ख्या सभेत सगळेच माइकवर बोलायला लागले तर कोण ऐकणार? मजकुराला साधी किंवा मध्यम जाडी ठेवा. कविता, निमंत्रणाचा हळवा मजकूर, आजीला लिहिलेलं पत्र यांना बोरूच्या वळणाचं अक्षर शोभतं. आणि एकाच पानावर दोन दांडगट फॉन्ट नकोत, एक बोलू दे, दुसऱ्यानं ऐकावं. स्लॅबच्या सोबतीला एक टाइपच्या 'मुक्ता'सारखा साधा फॉन्ट छान जमतो.

चेकलिस्ट: मराठी स्लॅब निवडताना

• 'दर्या' आणि 'दऱ्या' टाइप करा. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. फॉन्टला फरक कळत नसेल तर सोडून द्या.

• 'शाळा' आणि 'लाल' लिहा. मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' मिळतात की हिंदी वळणाचे? काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावरच मराठी वळण दिसतं.

• 'क्ष', 'भू', 'ष्ट्र', 'र्कीं' सगळ्यात जाड वजनात बघा. पोकळ्या बुजल्या असतील तर एक पायरी खाली या.

• 'ॲप' आणि 'ऑफिस' तपासा. चंद्र शिरोरेघेत रुतला तर पाटीवर तो डागासारखा दिसेल.

• इंग्रजी आणि मराठी नाव शेजारी ठेवून डोळे किलकिले करा. जे आधी गायब होतं ते हलकं. दोन्ही एकदम पुसट झाली, तर जोडी जमली.

• मराठी बारीक दिसत असेल तर पॉइंटचा आकडा विसरा. डोळ्याला बरोबरीचं वाटेपर्यंत वाढवा.

• अक्षर कधीही आडवं-उभं ओढू नका. जागा कमी असेल तर ओळ तोडा.

सगळ्यात सोपा नियम शेवटी. लोगो असो, पाटी असो, नाही तर सोमवारच्या मीटिंगची स्लाइड, आपण आधी इंग्रजी नाव सजवतो आणि मराठी नंतर चिकटवतो. एकदा उलटं करून बघा. आधी मराठी नाव टाइप करा, ते डौलात उभं राहील असा फॉन्ट शोधा आणि मग इंग्रजीला त्याच्या शेजारी बसवा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पण रस्त्यावरून जाणारा माणूस वर बघेल तेव्हा त्याची भाषा त्याला पाहुणीसारखी नाही, घरमालकिणीसारखी दिसेल!